जावामध्ये कर्मचारी पगारानुसार सॉर्टेड करून ग्रुपिंगबायने त्यांचे विभागवार गट पाडले, तरी विभागांचा क्रम विस्कटतो. असं का?

ग्रुपिंगबायला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून ‘ट्रीमॅप::न्यू’ द्या आणि तिसरं ‘कलेक्टर्स.टूलिस्ट()’, म्हणजे विभाग नावाच्या क्रमाने येतील. तुमचं सॉर्टिंग वाया गेलेलं नाही: प्रत्येक विभागाची यादी उघडून पाहा, आतले कर्मचारी पगाराच्या क्रमानेच दिसतील, कारण साध्या स्ट्रीममध्ये वस्तू ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने यादीत पडतात. विस्कटतात त्या फक्त मॅपच्या (नाव आणि यादी अशा जोड्या ठेवणाऱ्या रचनेच्या) ‘की’, म्हणजे इथे विभागांची नावं. एकच आर्ग्युमेंट दिलं की जावा ८ पासून आतून हॅशमॅप तयार होतो (ओपनजेडीकेचा सोर्स उघडला तर ‘हॅशमॅप::न्यू’ असं सरळ लिहिलेलं सापडतं), आणि हॅशमॅप कुठल्याच क्रमाची हमी देत नाही. चार-पाच विभागांच्या टेस्ट डेटावर क्रम योगायोगाने बरोबर दिसतो, म्हणून हा घोळ बऱ्याचदा उशिरा लक्षात येतो.

कुठला मॅप घ्यायचा ते असं:

- विभाग अकारविल्हे हवेत: ट्रीमॅप
- सर्वांत जास्त पगारवाला ज्या विभागात, तो विभाग आधी हवा: पगार उतरत्या क्रमाने लावा आणि लिंक्डहॅशमॅप घ्या, कारण तो विभाग ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने ठेवतो

अट एकच: एखाद्या कर्मचाऱ्याचा विभाग नल (म्हणजे दिलेलाच नाही असा) असेल तर ग्रुपिंगबाय नलपॉइंटरएक्सेप्शन ही एरर फेकतं, मॅप कुठलाही असो. तेव्हा आधी फिल्टर लावा, किंवा नलच्या जागी ‘इतर’ असं काहीतरी परत करा.