ओव्हन लावला की घरातली लाइट जाते

प्रश्न: दादा, मी मंगळवार पेठेत राहते. आमचा दोन रॉडचा ओव्हन पावसाळाभर माळ्यावर होता, आता दिवाळीच्या नानकटाईसाठी खाली काढला तर चालू करताच बोर्डातला आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) पडतो. नवल म्हणजे ओव्हनचं बटण बंद असलं, नुसती पिन खोचलेली असली तरी गिझर लावला की कधी कधी पडतोच. वायरमन म्हणतोय पिनेतली अर्थिंगची वायर काढू, मग पडणार नाही. काढू का?

उत्तर: ताई, अजिबात काढू नका. अर्थिंग काढल्यावर आरसीसीबी पडायचा थांबेल हे खरं, पण गळणारा करंट मग ओव्हनच्या पत्र्यावर येऊन बसेल आणि ट्रे ओढणाऱ्याच्या अंगातनं जमिनीत जाईल. घरातला आरसीसीबी साधारण ३० मिलीअँपिअर गळतीला पडतो, म्हणून तर तुम्ही सुखरूप आहात.

एमसीबी (जादा लोड किंवा शॉर्ट झाला की पडणारा स्विच) न पडता आरसीसीबी पडतोय म्हणजे करंट ओव्हनच्या बॉडीत गळतोय. रॉडमध्ये तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासलेली असते, ती हवेतला ओलावा ओढून घेते, आणि आपल्या कोल्हापूरचा पाऊस काय सांगायचा. बटण बंद असताना पडतो ही तुम्ही सांगितलेली खूण लई कामाची आहे बघा, कारण घरातलं बटण फक्त फेज (करंट आणणारी वायर) तोडतं, न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) जोडलेलाच राहतो, म्हणजे रॉडमधनं न्यूट्रललाही अर्थिंगची वाट मिळालीय आणि गिझरसारखा मोठा लोड लागला की थोडा करंट त्या वाटेनं निघतो.

पिन काढून, दोन्ही रॉडच्या वायरी सोडवून जाणत्या माणसाकडनं मल्टीमीटर लावून घ्या. ७५० वॅटचा रॉड असेल तर दोन टोकांत ७० ओहमच्या आसपास यायला पाहिजे, आणि टोक ते बॉडी काहीच जोड दाखवायला नको. पण इथंच लोक फसतात, मीटरची बॅटरी छोटी, ती रॉड चांगला म्हणते आणि २३० व्होल्टला तोच रॉड गळतो. म्हणून उद्यमनगरात एखाद्या मोटर वाइंडिंगवाल्याकडे नेऊन ५०० व्होल्टच्या मेगरवर (मोठा व्होल्टेज लावून गळती तपासणारं मीटर) तपासा.

नुसता ओलावा असेल तर सोडवलेला रॉड शेजारणीच्या ओव्हनमध्ये १०० ते १२० डिग्रीला दोनेक तास ठेवून परत मेगर करा, बऱ्याचदा सुधारतो. नाही सुधारला तर तेवढाच रॉड बदला, त्याच वॅटचा, अख्खा ओव्हन टाकायची गरज नाही. तोवर पिन बाहेर काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही.