बारावीनंतर जिऑलॉजी घेऊ का? नक्की काय शिकवतात?

बारावी सायन्स झालीये, गाव लांज्याकडे, जिऑलॉजीत, म्हणजे भूगर्भशास्त्रात, बीएस्सी करायचंय आणि घरचे म्हणतायत दगडं शिकून काय करणार, असं विचारलंयस. अरेतुरे करतोय, वयाने बराच मोठा आहे म्हणून. मी राजापूर तालुक्यातला, बीएस्सी एमएस्सी दोन्ही यातच, सध्या बोगद्याच्या कामावर असतो. माझे आजोबा तर म्हणाले होते, दगडच बघायचेत तर चिरेखाणीवर जा, तिथे मजुरी तरी मिळेल.

पहिलं वर्ष जरा कंटाळवाणं जातं, हे आधीच सांगतो. ट्रेमध्ये नंबर चिकटवलेले नमुने असतात, ते ओळखायचे, कडकपणा बघायचा, पांढऱ्या खरखरीत फरशीच्या तुकड्यावर घासून रेघ बघायची. हेमॅटाइट दिसायला काळं असलं तरी रेघ लालसर येते, तिथे पहिल्यांदा वाटतं की डोळ्यांवर फार भरवसा ठेवायचा नाही. क्रिस्टलोग्राफीत, म्हणजे स्फटिकांच्या आकारांच्या अभ्यासात, लाकडी मॉडेलं फिरवून फिरवून डोकं उठतं. मग खडकांचे प्रकार, जीवाश्म, थर वाचणं, खनिजसाठे, भूजल, नकाशे, रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचणं), जीआयएस (कॉम्प्युटरवरचे नकाशे). फिजिक्स केमिस्ट्रीपासून सुटका नाही, त्या भ्रमात राहू नकोस.

मला खरी गोडी लागली ती थिन सेक्शनमुळे. खडकाची चकती कापून काचेवर चिकटवतात आणि 0.03 मिमी होईपर्यंत घासतात, मग त्यातून चक्क उजेड आरपार जातो. मी गावाहून काळ्या कातळाचा तुकडा नेला होता, आमच्या विहिरीवर आई ज्या दगडावर कपडे आपटते ना, त्याच्याच बाजूचा. पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली ठेवला तर प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या काड्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या, मध्ये पायरॉक्सिन हे दुसरं खनिज निळं, नारिंगी, आणि स्टेज फिरवलं की सगळे रंग बदलतात. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा तो. सुट्टीत घरी जाऊन आईला सांगितलं तर म्हणाली, बरं, आता बादली भर.

आणि आपला जांभा! आपल्याकडे 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलात विहिरी कोरड्या, हे लहानपणापासून बघतोयस ना, त्याचं कारण मला सेकंड इयरला कळलं. पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तोच जांभा. भोकाभोकांचा असल्यामुळे पाणी झटकन आत घेतो पण धरून ठेवत नाही, खालच्या चिकणमातीपर्यंत गेलं की तिच्यावरून आडवं सरकत उताराच्या बाजूला झऱ्यातून निघून जातं. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावर, विहीर खणणाऱ्यांचे पैसे जातात ते असे.

फील्ड मात्र सोपं नाही. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टनेच, म्हणजे त्याच काळ्या कातळाने, झाकलाय, त्यामुळे वेगळे खडक बघायला बाहेर जावं लागतं, आम्हाला बदामीला नेलं होतं. उन्हात दिवसभर होकायंत्राने डिप-स्ट्राइक, म्हणजे थरांचा उतार आणि दिशा, घेतले, रात्री नकाशावर मांडले तर माझे थर भलत्याच दिशेला चाललेले. सर बघून हसले आणि विचारलं, रीडिंग घेताना हातोडा कुठे होता? कंबरेलाच लटकत होता, लोखंडाने होकायंत्राची सुई ओढली होती. दुसऱ्या दिवशी सगळं परत. (टूरचा खर्च आधी विचारून ठेव, आमच्यात दोघांनी उसने काढले होते.)

नोकरीचं म्हणशील तर नुसत्या बीएस्सीवर फारसं काही नाही. एमएस्सी करच, त्याच्या प्रवेशासाठी आयआयटी जॅम ही परीक्षा असते, तिच्यात जिऑलॉजीचा पेपर असतो, तो दे. पुढे यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे, त्यातून जिऑलॉजिकल सर्व्हेत, म्हणजे 1851 सालच्या खात्यात, किंवा केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. खाणी, धरणं, बोगदे इथे प्रायव्हेटमध्ये काम मिळतं, पण साइटवर राहायची तयारी लागते, मी दिवस दिवस पेटीतले कोअर, म्हणजे ड्रिल करून काढलेले खडकाचे दांडे, बघून कुठे किती तडा आहे ते लिहीत असतो. गावात मात्र बोअर मारायची झाली की अजून तळहातावर नारळ घेणारा पाणाड्याच बोलावतात, मला नंतर विचारतात की पाणी का नाही लागलं.

हा विषय सगळ्या कॉलेजात नसतो. मुंबईत सेंट झेवियर्स, पुण्यात फर्ग्युसन ही जुनी नावं, पण कुठेही जा, ॲडमिशनआधी लॅबमध्ये डोकावून मायक्रोस्कोप किती चालू आहेत ते मोजून ये.

आणि यंदा मे महिन्यात वाडीतली विहीर उपसायला कोणी उतरलं तर तूही उतर, वरून खाली दगडाचा रंग कुठे बदलतो आणि पाणी नेमकं कुठून झिरपतंय ते बघ. दहा मिनिटांत वर यावंसं वाटलं तर बीकॉमचा फॉर्म भर.