गुहागरला आठवडाभर करायचं काय?

प्रश्न : डिसेंबरात सासू-सासरे आणि मुलांना घेऊन आठवडाभर गुहागरला राहणार आहोत, पण एवढे दिवस एकाच बीचवर मुलं बोअर नाही का होणार? रोज एकेक स्पॉट ठरवून ठेवू का?

उत्तर : अजिबात नको हो ताई! वाटलंच तर एखाद्या दिवशी भरतीच्या वेळेला हेदवीची बामणघळ बघून या, खडकाच्या चिरेतून पाणी कसलं उंच उडतं, मुलं खूश होतील, बाकी सगळे दिवस मोकळे ठेवा. किनारा चांगला लांबलचक आहे, सुरूच्या सावलीत चटई टाकली की आजी-आजोबांची सोय झाली. आणि भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, म्हणजे सोमवारी सकाळी जिथे पाणी होतं तिथे शनिवारी त्याच वेळेला ओली वाळू असते, हे दोन दिवसांच्या धावत्या ट्रिपमध्ये कळतच नाही. ओहोटीला त्या वाळूवर बारके खेकडे मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षी मांडतात, मुलांना तिथे उकिडवं बसू द्या, अर्धा तास हलणार नाहीत. दुपारी सोलकढी-भात आणि मस्त झोप. फक्त पाणी आत ओढत असेल तेव्हा पोरांना गुडघ्यापुढे सोडू नका, भरती-ओहोटीच्या वेळा घरमालकांना विचारा, त्यांना तोंडपाठ असतात.