वजन नॉर्मल, मग मशीन एवढं फॅट का दाखवतं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी देवगडचा, वय ४३, उंची ५ फूट ६ इंच, वजन ६४ किलो. दुकानात गल्ल्यावर बसून काम, सीझनला तेवढं आंब्याच्या पेट्या भरायला उभा असतो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) २२.८ येतो म्हणजे नॉर्मल ना, पण जिममधल्या मशीनवर सकाळी २६ टक्के फॅट आलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २९. हातपाय बारीक, पोट जरा पुढे. बायको म्हणते मशीन बिघडलंय. खरं काय धरू? डेक्सा स्कॅन (एक्स-रेने अंगातली चरबी मोजतात तो) करू का?

उत्तर: दादा, मशीन बिघडलेलं नाही आणि दीड दिवसात तुमची चरबी ३ टक्के वाढलेली पण नाही. मुळात ते मशीन चरबी थेट मोजतच नाही. तळपायातून एकदम बारीक करंट सोडतं, स्नायूंत पाणी भरपूर म्हणून तिथून तो सहज जातो, चरबीत अडतो, आणि त्या अडथळ्यावरून तुमचं वय, उंची, वजन धरून अंदाज बांधतं. त्यामुळे अंगातलं पाणी कमी झालं की आकडा वर. आपल्याकडच्या दमट उकाड्यात दिवसभर पेट्या भरल्या, घामाने बनियन पिळून काढलं, पाणी धड प्यायला नाहीत आणि तसेच जाऊन उभे राहिलात तर २९ दाखवणारच. तळपायाला घट्टे असले, पाय कोरडे असले तरी फरक पडतो. आणि घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांना त्या मशीनवर अजिबात उभं करू नका.

पण म्हणून आकडा खोटा म्हणून सोडूनही देऊ नका, कारण बारीक हातपाय आणि पुढे आलेलं पोट हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. बीएमआयला फक्त वजन आणि उंची कळते, त्यात स्नायू किती नि चरबी किती ते नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचंच उदाहरण दिलं होतं, दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सेम, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे 'काय बारीक आहे, त्याला कसली शुगर' असं सर्रास बोलतात. आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन धरतात, म्हणजे तुम्ही तसे काठावरच आहात.

डेक्सावर खर्च करायची आत्ता गरज नाही. शिंप्याकडची टेप आणा. पॅन्टचा नंबर ३४ म्हणजे कंबर ३४ असं धरू नका हां, पॅन्ट आपण पोटाच्या खाली घालतो! सर्वात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरा, श्वास नेहमीसारखा सोडा, पोट आत ओढायचं नाही, टेप आवळायची नाही. पुरुषांना ९० सेंटीमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच ही वरची हद्द, बायकांना ८०. त्याहून सोपं म्हणजे उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, तुमच्या बाबतीत ३३ इंच. जास्त भरली तर उपाशीपोटीची शुगर एकदा तपासून घ्याच, टाळू नका.

उपाशी राहून वजन उतरवू नका, तुमच्याकडे स्नायू आधीच कमी दिसतायत, ते पण जातील. जिमला जाताच आहात तर नुसतं ट्रेडमिलवर चालू नका, आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, ट्रेनरसमोर, हळूहळू वाढवत. जेवणात भात थोडा कमी आणि बांगडा, अंडी, कुळथाची पिठी जास्त. मशीनवर महिन्यातून एकदाच, सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, आणि दरवेळी तेच मशीन. वजन ६४ चं ६४ च राहील कदाचित, घाबरू नका, टेप काय म्हणते ते वहीत लिहा आणि तीन महिन्यांनी मला कळवा.