टाकीचं बूड एसएसचं करण्याआधी एक चौकोन कापून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमधली (रंगाई-धुलाईच्या कारखान्यातली) 30 हजार लिटरची, एमएसची म्हणजे साध्या पोलादाची, सॉफ्ट म्हणजे कडकपणा काढलेल्या पाण्याची टाकी. प्लेट 5 मिलिमीटरची. चार वर्षांत बुडातून गळायला लागली. मधल्या काळात दोनदा आतून इपॉक्सी पेंट मारून झाला. आता फॅब्रिकेटर म्हणतोय, बूड एसएस 304चं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं टाकू, कटकट मिटेल. टाकावं का?

नका टाकू. अख्खी टाकी एसएसची करायची असेल तर तो वेगळा हिशेब. पण बूड एसएस आणि वरचा शेल, म्हणजे उभी भिंत, एमएस, हे करू नका. का, ते पुढे सांगतो. आधी तुमच्या प्रश्नातला एक आकडा मला खटकतोय, त्याबद्दल बोलू.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वीसेक वर्षं टाक्यांचंच काम करतोय. नव्या बांधल्या त्याहून दुसऱ्यांनी बांधलेल्यांना पॅच जास्त मारलेत. साध्या गोड्या पाण्यात उघडं एमएस सगळीकडून सारखं गंजलं तर वर्षाला ढोबळमानाने 0.1 मिलिमीटर जातं. म्हणजे काहीही न लावता 5 मिलिमीटरची प्लेट चार वर्षांत फार तर अर्धा मिलिमीटर झिजायला हवी. तुमची आरपार गेली. याचा अर्थ गंज पसरलेला नाही, कुठेतरी एका जागी एकवटलाय. ती जागा सापडल्याशिवाय तिसऱ्यांदा इपॉक्सी माराल तर पेंटवाल्याची दिवाळी, बाकी काही नाही.

तेव्हा टाकी रिकामी करा, गळतीच्या जागेजवळ ग्राइंडरने हातभर अंतरावर दोन ठिकाणी दहा-दहा सेंटिमीटरचे चौकोन कापून काढा आणि उलटेपालटे करून उन्हात बघा. आतल्या बाजूला खळगे असतील, तोंड रुंद आणि खाली निमुळते, तर पाणी खातंय. आतली बाजू बऱ्यापैकी आणि खालच्या बाजूचे पापुद्रे सुटत असतील तर जमीन खातेय. दुसऱ्या बाबतीत आत सोन्याचा मुलामा दिलात तरी उपयोग नाही.

एक टाकी माझ्या चांगली लक्षात आहे. अशीच, प्रोसेस हाऊसची, जवळपास तुमच्याच मापाची. मालकांनी आत तीनदा पेंट केला होता. चौकोन कापला तर वरचा पेंट आरशासारखा चकचकीत, नखाने निघत नव्हता. उलटा केला आणि हातातच कडक भाकरीसारखा मोडला. खालून पापुद्र्यांवर पापुद्रे, मधे जेमतेम दीड मिलिमीटर लोखंड उरलेलं. आणि हे सगळं टाकीच्या एकाच बाजूला, जिकडे सॉफ्टनरचा, म्हणजे पाण्याचा कडकपणा काढणाऱ्या यंत्राचा, मिठाचा हौद होता तिकडे. हौद भरून वाहिला की खारं पाणी टाकीच्या कडेशी यायचं, बूड आणि विटांच्या चौथऱ्यामधल्या फटीतून आत शिरायचं आणि तिथेच राहायचं. खाली काळी माती, तिला ओल सोडायची सवयच नाही. कडेला हवा मिळते, मधे मिळत नाही. अशा वेळी गंज हवा कमी असलेल्या जागी खोल जातो. वर दिसायला सगळं छान.

म्हणून माझा पहिला प्रश्न: तुमचं मीठ कुठे असतं? दुसरा: ओव्हरफ्लोचं पाणी कुठे पडतं?

आता आतल्या बाजूचं. आपल्या बोअरच्या कडक पाण्याला सगळे शिव्या घालतात, पण पोलादाच्या बाबतीत ते थोडं दयाळू असतं. क्षार बसतात, त्यांचा थर होतो आणि तो प्लेट थोडीफार झाकतो. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि सोडियम देतो. गंज वाढवणारं क्लोराइड होतं तेवढंच राहतं. थर बसायचा बंद, प्लेट उघडी. डाईंगला चांगलं पाणी टाकीला चांगलं असतंच असं नाही. त्यात रीजनरेशननंतर, म्हणजे सॉफ्टनर मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजा केल्यावर, ऑपरेटरने घाईत रिन्स (साध्या पाण्याने धुणं) आटोपला तर मीठ थेट टाकीत येतं. हे तपासायला लॅब लागत नाही. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने बोअरचं पाणी मोजा आणि रीजनरेशननंतर टाकीत येणारं पहिलं पाणी मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. टाकीकडचा बराच जास्त असेल तर रिन्सची वेळ वाढवा. फुकटचा इलाज आहे.

आता एसएसच्या बुडाकडे येतो. पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडले की त्यांची बॅटरी होते, त्यातला एक खपतो आणि दुसरा वाचतो. इथे खपणारं एमएस. तुम्ही म्हणाल, एमएसवर तर इपॉक्सी आहे. तीच तर मेख आहे. शेलला पेंट असतो, पण त्यात कुठे ना कुठे टाचणीएवढी भोकं असतातच. बूड पूर्ण उघडं, म्हणजे आठ चौरस मीटर एसएस आणि समोर टाचणीएवढं एमएस. सगळा ताण त्या टाचणीवर. सगळं एमएस असताना जे भोक वर्षानुवर्षं तसंच राहिलं असतं, ते आता आरपार जातं. गंज शिकवणाऱ्या पाठ्यपुस्तकांत हा किस्सा असतो: जुन्या टाक्या एमएसच्या होत्या आणि बरी वर्षं टिकल्या होत्या, नव्या टाक्यांना हौसेने स्टेनलेसचं बूड दिलं आणि काही महिन्यांत बुडाच्या वेल्डच्या लगेच वर, दोनेक इंचांच्या पट्ट्यात, शेलला भोकं पडली. बूड मात्र ठणठणीत. दोन धातू जोडणं टाळताच येत नसेल तर पेंट एसएसवर मारायचा, एमएसवर नाही. ऐकायला उलटं वाटतं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं.

शिवाय 304 क्लोराइडला घाबरतं. पाणी गरम असेल, 60 अंशांच्या वर, तर वेल्डजवळ तडे जायची भीती वेगळी.

मग करायचं काय? गंज खालून असेल तर नवं बूड एमएसचंच टाका, 8 मिलिमीटरचं, आणि टाकी जमिनीवरून उचला. काँक्रीटच्या पट्ट्यांवर आय-बीम ठेवून त्यावर टाकी बसवली की खालून वाकून बघता येतं, ब्रश मारता येतो, गळती पहिल्याच दिवशी दिसते. बीममधलं अंतर मात्र 30 टन पाण्याच्या हिशेबाने कोणाकडून तरी काढून घ्या, अंदाजाने नको. पाकणीच्या तेल डेपोत दिसतात तसल्या मोठ्या टाक्या उचलता येत नाहीत, त्यांना जमिनीवरच बसवावं लागतं, मग पाया, डांबर-वाळूचा थर, कॅथोडिक प्रोटेक्शन (विजेच्या प्रवाहाने गंज रोखणं) हे सगळं येतं. तुमच्या मापाला त्या भानगडीत पडायची गरज नाही.

गंज आतून असेल तर पेंट, पण पेंटसारखा पेंट. तुमच्या टाकीचा आतला भाग काढू. व्यास 3.2 मीटर, उंची 3.8 मीटर धरली तर बूड, शेल आणि छत मिळून साधारण 54 चौरस मीटर होतात. सुकल्यावर 300 मायक्रॉनचा थर हवा. डब्यावर 70 टक्के सॉलिड (सुकल्यावर उरणारा भाग) लिहिलेलं असेल तर एक लिटरमध्ये शंभर मायक्रॉनचा थर सात चौरस मीटरवर बसतो, तोही एक थेंब वाया न जाता. म्हणजे 23 लिटर कागदावर आणि सांडलवंड धरून तीसेक लिटर प्रत्यक्षात. आता आठवून बघा, मागच्या दोन्ही वेळी किती डबे आले होते? दहा लिटरमध्ये काम आटोपलं असेल तर थर सव्वाशे मायक्रॉनच्या पुढे गेलेलाच नाही. वर थिनर पाण्यासारखा ओतलेला असतो, तो उडून जातो आणि जाताना भोकं ठेवून जातो.

पेंटच्या आधीचं काम पेंटपेक्षा मोठं. वायर ब्रश मारून रेड ऑक्साइड, हे गेटला चालतं. पाण्यात बुडणाऱ्या प्लेटला ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कण मारून घासणं) लागतं, एसए अडीच दर्जाचं, प्लेट जवळजवळ पांढरट राखाडी दिसेपर्यंत. ठेकेदाराला नदीची वाळू वापरू देऊ नका, तिच्या धुळीने माणसांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा रोग होतो. ग्रिट किंवा कॉपर स्लॅग मागा. ब्लास्टिंगच्या आधी वेल्डचे स्पॅटर (उडून चिकटलेले थेंब) घासून काढा, धारदार कडा गोल करा, आतले तुटक वेल्ड पूर्ण करून घ्या, कारण त्या फटींत ब्रश जात नाही आणि पाणी जातं. पहिल्या हातानंतर सगळ्या वेल्डवर आणि कडांवर ब्रशने एक जादा पट्टा मारायचा. छताची आतली बाजू विसरू नका. तिथे पाणी नसतं, वाफेचे थेंब असतात आणि हवा भरपूर; बऱ्याच टाक्या तिथूनच चाळणी होतात.

सोलापुरात हे काम एप्रिल-मेमध्ये काढू नका. शटडाऊन तेव्हाच मिळतो हे मान्य, पण दुपारी शेलला हात लावता येत नाही, पेंट ब्रशवरच आवळतो. थंडीत करा, आणि तेही सकाळी दव उडाल्यावर. प्लेटचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश वर हवं. शेवटच्या हातानंतर सात दिवस पाणी भरू नका. उत्पादनवाले तिसऱ्या दिवशी फोन करतील, उचलू नका.

भरण्याआधी ओल्या स्पंजच्या यंत्राने भोकं शोधून घ्या. भोक आलं की यंत्र शिट्टी मारतं. तरीही उरलेल्या भोकांसाठी गार पाण्यात मॅग्नेशियमचा ॲनोड, म्हणजे लोखंडाऐवजी स्वतः खपणारा तुकडा, शेलला नीट जोडून लावा, वर्षातून एकदा किती खपला ते बघा. ही कल्पना 1824 पासूनची आहे, हम्फ्री डेव्हीने जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी काढलेली. कंडेन्सेटच्या (वाफेचं परत पाणी झालेल्या) गरम टाकीत मात्र झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या, ॲनोडवर विसंबू नका. 60 अंशांच्या वर काही पाण्यांत झिंक उलटं वागतं, स्वतः वाचतं आणि लोखंडाला खपवतं.

कोणीतरी गॅल्व्हनाइज्डचा, म्हणजे झिंकचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा, सल्ला देईलच, म्हणून एक जाता जाता. शेजारच्या कॉस्टिकच्या टाकीला तो चुकूनही लावू नका. कॉस्टिक लाय साध्या तापमानाला एमएसमध्ये निवांत राहते, पण झिंक आणि ॲल्युमिनियम खाते आणि खाताना हायड्रोजन सोडते.

आणि चौकोन कापायला माणूस आत उतरवणार असाल तर आधी मॅनहोल आणि वरचं झाकण उघडून ब्लोअर लावा. बंद टाकीत गंजच ऑक्सिजन खाऊन टाकतो, कसलाही वास येत नाही. पेंटच्या वेळी थिनरची वाफ बुडाशी बसते, तेव्हा दिवा 24 व्होल्टचा आणि स्पार्क न होणारा. बाहेर एक माणूस सतत उभा हवा, दोरी हातात, मोबाइल खिशात.

चौकोन निघाला की दोन्ही बाजूंचे फोटो टाका, आणि एक फोटो टाकीच्या चौथऱ्याचा, मिठाचा हौद दिसेल असा.