ईएमडीआर करा, पण पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर बोट फिरवायला लागले तर उठून या

ताई, तुमच्या मिस्टरांचं वाचलं. पत्र्यावर पाऊस वाजला की उठून जिन्यात पाणी बघायला जातात, आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून करायची मानसोपचार पद्धत) म्हणजे संमोहन का असं विचारलंयत. मी चिपळूणचाच. २२ जुलै २०२१ च्या पुरात आम्ही माळ्यावर अडकलो होतो, खाली फ्रीज तरंगत येऊन फळीला आपटायचा, धप्प, धप्प. नंतर दोन वर्षं कुणी दार आपटलं तरी माझ्या हातातला चहा सांडायचा.

संमोहन नाही हो, माणूस पूर्ण जागा असतो. फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात ही पद्धत काढली, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी (मोठ्या धक्क्यानंतर मागे लागणाऱ्या मानसिक त्रासासाठी) शिफारसही केली. आठवण मनात धरून थेरपिस्टच्या फिरत्या बोटामागे नजर डावी-उजवीकडे न्यायची, दोन्ही एकदम करताना आठवणीची धार जाते म्हणतात. गुण डोळ्यांमुळे येतो की आठवणीला सामोरं गेल्यामुळे यावर जाणकारांत अजून वाद आहे, मला त्याच्याशी काय करायचंय, माझं धप्प थांबलं.

पण आधी मी जे भोगलं ते तुम्ही नका भोगू. शहरातल्या एका सेंटरला गेलो (नाव नाही घेत), नाव-गाव विचारून पंधरा मिनिटांत बोट फिरवायला सुरुवात! या थेरपीचे आठ टप्पे असतात, पहिले दोन नुसते माहिती आणि तयारीचे, हे मला कुठे माहीत होतं. मी ऐन पुरात असताना मॅडम म्हणाल्या वेळ झाली, बाहेर पैसे भरा. वर माझा शहाणपणा असा की परतीची एसटी त्याच संध्याकाळची, आणि घाटात पाऊस लागला, टपावर थेंब वाजायला लागले तसा मी कंडक्टरला गाडी थांबवा म्हणून ओरडलो, अख्खी गाडी माझ्याकडे बघतेय. दुसऱ्या दिवशी सेंटरला फोन केला तर, "असं होतं, पुढच्या वेळी बोलू." पुढची वेळ तीन आठवड्यांनी! वर्षभर मी थेरपीचं नाव काढलं नाही.

नंतरच्या डॉक्टरांनी आधी तीन भेटी फक्त बोलण्यात घालवल्या. घाबरलात तर मनात कुठे जाल विचारलं, मी म्हटलं गुहागरचं सुरूबन. हात वर केला की थांबायचं हे ठरलं. त्रास शून्य ते दहात किती ते दर वेळी विचारायचे, आणि मी शांत झाल्याशिवाय खुर्चीतून उठू द्यायचे नाहीत.

मी डॉक्टर नाही, माझ्यावरनं सांगतोय. फिट्स येत असतील तर आधी सांगा, गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका, आणि यूट्यूबवर ठिपका बघत घरी प्रयोग तर अजिबात नको. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि मिस्टरांना एकटं पाठवू नका, परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा, नातेवाइकांकडे मुक्काम करा, थोडं ऐकून घ्यावं लागलं तरी चालेल.