पत्रापत्री : सेसमी स्ट्रीटवरची माणसं

गेल्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता ‘सेसमी स्ट्रीट’चं नाव घेतलं होतं. आम्ही न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहायचो तेव्हा तेरा नंबरच्या चॅनेलवर लागणारा हा बाहुल्यांचा कार्यक्रम माझ्या मुलाच्या मांडीला मांडी लावून मीही पाहायची, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की ह्या वेळी दुसरा विषय घेतच नाही. बाहुल्यांबद्दलची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवते. आज फक्त त्या गल्लीत राहणाऱ्या माणसांबद्दल.

प्रश्न : मावशी, मी नाशिकला बालवाडी चालवते. हातमोज्यांच्या बाहुल्या करून गोष्टी सांगते. ‘सेसमी स्ट्रीट’चा आपला हिंदी अवतार ‘गली गली सिम सिम’ लागायचा तेव्हा आमची मुलं त्यातल्या चमकी बाहुलीवर जीव टाकायची. पण बाहुल्या इतक्या गोड असताना मध्ये मोठी माणसं हवीत कशाला?

उत्तर : अगं, कार्यक्रम करणाऱ्यांनाही हा प्रश्न पडला होता, पण उलट्या बाजूने. 10 नोव्हेंबर 1969 ला पहिला भाग लागला. त्याआधी जुलैमध्ये त्यांनी फिलाडेल्फियातल्या लहान मुलांना नमुन्याचे भाग दाखवून पाहिले. तेव्हा तज्ज्ञांचा सल्ला असा होता की बाहुल्या आणि माणसं एकत्र आणू नका, खरं काय नि खोटं काय ह्यात मुलांचा गोंधळ होईल. म्हणून गल्लीत नुसती माणसं ठेवली होती. झालं काय, की बाहुल्या आल्या की मुलं खिळून बसायची आणि गल्ली आली की चुळबुळ सुरू. मग सल्ला बाजूला ठेवला आणि गल्लीतच बाहुल्या आणून बसवल्या. बिग बर्ड हा भलामोठा पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यातला ऑस्कर जन्माला आले ते ह्याच कारणाने.

ह्यावरून तू म्हणशील, बघा, बाहुल्याच जिंकल्या. मला तसं वाटत नाही. बिग बर्ड आठ फूट दोन इंच उंच. कॅरल स्पिनी त्याच्या आत उभे राहायचे, उजवा हात सरळ डोक्यावर नेऊन त्या हाताने चोच आणि डोकं चालवायचे. बाहेरचं काही दिसायचं नाही म्हणून छातीला एक छोटा टीव्ही बांधलेला असायचा, त्यात बघून चालायचं. म्हणजे समोरच्या नटाकडे बघणारे ते डोळे काही बघतच नव्हते. तरी बॉब, सुझन, मारिया ही गल्लीतली माणसं मान वर करून थेट त्या डोळ्यांत बघून बोलायचे, उत्तराची वाट बघायचे. बाकीच्या बाहुल्यांचे कलाकार तर नटांच्या गुडघ्यापाशी दाटीवाटीने बसून हात वर धरून असायचे. त्यांच्याकडे नजर जाऊ द्यायची नाही, हे नटाचं काम. आपले रामदास पाध्ये अर्धवटरावांकडे कसे बघतात ते आठव. त्यांची नजर तिकडे असते म्हणून आपलीही तिकडे जाते.

तुझ्या बालवाडीत एक करून बघ. बाहुली हातात घेशील तेव्हा मुलांकडे न बघता आधी बाहुलीकडे बघ, आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत थांब.

प्रश्न : सत्तरच्या दशकात मी शिक्षणासाठी अमेरिकेत होतो. गॉर्डनचा चेहरा मध्येच बदलला असं आठवतं. ही माझी कल्पना की खरंच तसं झालं? (पुण्याचे एक वाचक)

उत्तर : खरंच झालं, आणि दोनदा. सुझनच्या नवऱ्याचं, गॉर्डनचं काम आधी मॅट रॉबिन्सन करायचे, 1972 पासून हॅल मिलर, आणि 1974 पासून रॉस्को ऑर्मन, तेच मग चाळीसेक वर्षं राहिले. सुझन मात्र पहिल्या दिवसापासून लॉरेटा लाँगच.

तुम्ही त्या काळात तिथे होतात म्हणून आणखी एक लिहिते. गॉर्डन-सुझन हे काळं जोडपं, गोरा बॉब, सगळे एकाच गल्लीत राहतात एवढ्यावरून 1970 मध्ये मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक दूरदर्शन मंडळाने हा कार्यक्रम दाखवायला नकार दिला होता. ओरड झाली, तेव्हा तीनेक आठवड्यांत निर्णय फिरवावा लागला. सुझन सुरुवातीला नुसती घर सांभाळणारी दाखवली होती. बायकांनी त्यावर बोट ठेवलं, मग ती परिचारिका झाली. आणि लॉरेटाबाई हे काम करता करता शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट झाल्या. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

प्रश्न : एकच नाव सांगायचं, मावशी. तुमचं सगळ्यात लाडकं माणूस कोण? (मडगावहून एक विद्यार्थिनी)

उत्तर : मारिया.

कारण सांगते. मी 1978 मध्ये लग्न होऊन तिथे गेले. इंग्रजी वाचता यायचं, पण बोलायला जीभ वळायची नाही. खालच्या दुकानात दूध मागायचं तरी घरून वाक्य घोकून जायची. अशात टीव्हीवर एक काळ्याभोर केसांची मुलगी, जी मध्येच स्पॅनिश बोलते आणि त्याची कुणाला माफी मागत नाही. मारियाचं काम करणारी सोनिया मान्झानो. पोर्तो रिकोहून आलेल्या आईबापांची, ब्राँक्समध्ये वाढलेली. 1971 मध्ये आली ती 2015 पर्यंत, चव्वेचाळीस वर्षं. गल्लीतल्या लुइसबरोबर मारियाचं दुरुस्तीचं दुकान होतं. बिघडलेला टोस्टर उघडून बसलेली बाई मी आधी कधी पडद्यावर पाहिली नव्हती. आमच्या घरचा टोस्टर बंद पडला तेव्हा माझा मुलगा तो माझ्यासमोर ठेवून उभा राहिला. आईने तो दुरुस्त करायचा, ह्यात त्याला शंकाच नव्हती. मी स्क्रू काढले, तळाचा कोळसा झालेला चुरा झटकला, एक सुटलेली तार बसवली, आणि टोस्टर चालला!

1988 मध्ये मारिया आणि लुइसचं लग्न लागलं तेव्हा मी घरात गोड केलं होतं. सोनियाला खरोखर दिवस गेले, तर तेही कार्यक्रमात घेतलं, पुढच्या वर्षी मारियाची गाबी जन्मली. माझा मुलगा तोवर मोठा झाला होता, तरी दारातून डोकावून बघून गेला.

तू एकच नाव म्हणालीस, तरी लिंडाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. लिंडा बोव्ह स्वतः बहिऱ्या. त्यांनी कार्यक्रमातही बहिरीच लिंडा केली, तीसेक वर्षं. ती हातांनी बोलायची आणि बाकीचे तिच्याशी हातांनी बोलायचे. बॉब तर फार हळुवारपणे. त्यात कीव नव्हती, कौतुकाचा आवही नव्हता, ती शेजारीण होती बस. माझी एक आत्या ऐकू न येणारी होती. मिरजेच्या आमच्या वाड्यात तिच्याशी सगळे नुसते मोठ्याने ओरडायचे. लिंडाला बघताना मला दर वेळी आत्याचे हात आठवायचे, ती निवडत बसायची त्या तांदळात हरवलेले.

प्रश्न : ताई, माझे यजमान दिवाळीनंतर गेले. नात पाच वर्षांची आहे. शाळेच्या बसपर्यंत तिला आजोबाच सोडायचे. आम्ही तिला ‘आजोबा देवाघरी गेले’ असं सांगितलं. ती रोज विचारते, कधी येणार? तुमच्या त्या कार्यक्रमातल्या दुकानदाराबद्दल मुलगी म्हणत होती, म्हणून लिहिते. (ठाणे)

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

तो दुकानदार म्हणजे मिस्टर हूपर. एप्रन लावलेले, चष्म्यावरून बघणारे, जरा कुरकुरे आणि मनाने मऊ. बिग बर्डला त्यांचं नाव कधी नीट घेता आलं नाही, तो ‘मिस्टर लूपर’ म्हणायचा आणि ते दर वेळी ‘हूपर, हूपर!’ करून दुरुस्त करायचे. विल ली ह्या नटाने ते काम पहिल्या भागापासून केलं. डिसेंबर 1982 मध्ये विल ली गेले. दुसरा नट आणता आला असता, हूपर दुसऱ्या गावी राहायला गेले असंही सांगता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. मुलांना खरं सांगायचं ठरवलं, आणि तो भाग 24 नोव्हेंबर 1983 ला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी दाखवला, म्हणजे आईवडील घरी मुलांजवळ असतील.

बिग बर्डने सगळ्यांची चित्रं काढलेली असतात (ती खरोखर स्पिनींनीच काढली होती). ज्याची त्याला देतो. एक उरतं, हूपरांचं. ते कुठे आहेत म्हणून तो विचारतो. मोठी माणसं एकमेकांकडे बघतात. मग मारिया त्याला सांगते की मिस्टर हूपर वारले, आम्ही तुला सांगितलं होतं ना. हो, आठवलं, म्हणतो तो, मग परत आले की देईन. तेव्हा सुझन म्हणते की माणूस मेला की परत येत नाही. कधीच? कधीच नाही. मग माझं पाखरांच्या दाण्यांचं मिल्कशेक कोण करणार, गोष्टी कोण सांगणार? हूपरांच्या दुकानात काम करणारा डेव्हिड म्हणतो, दुकान मी बघेन, मिल्कशेक मी करेन. पण ते तसं नसेल, म्हणतो तो. आणि बॉब भरल्या गळ्याने म्हणतो, खरं आहे, तसं नसेलच. असं का व्हावं, ह्याला गॉर्डनचं उत्तर फक्त ‘असंच असतं म्हणून’. त्या सगळ्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. त्यांचा माणूस गेला होता.

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमाराला माझे सासरे सांगलीत गेले होते. आम्हाला जाता आलं नाही. मुलगा साडेचार वर्षांचा. आम्हीही ‘देवाघरी’च सांगितलं होतं. त्यावर तो विचारायचा, देवाचं घर कुठल्या स्टेशनवर? आजोबांना द्यायला म्हणून त्याने सबवेचं एक पितळी टोकन खिशात जपून ठेवलं होतं. त्या गुरुवारी सुझनचं वाक्य झालं आणि तो माझ्याकडे वळला. मराठीत विचारलं, ‘आजोबापण?’ मी म्हटलं, ‘हो. आजोबापण.’ तो रडला, मी रडले. रात्री त्याने टोकन आजोबांच्या फोटोपुढे ठेवलं. स्टेशनचं पुन्हा कधी विचारलं नाही.

‘देवाघरी’ म्हणू नका असं मी सांगणार नाही. आपल्या तोंडी तोच शब्द येतो आणि त्यात माया आहे. पण त्याच्यापुढे साधं वाक्य जोडा: आजोबा वारले, आता परत येणार नाहीत. ‘झोपले’ नको, ‘गावाला गेले’ नको. आणि डेव्हिडने जे सांगितलं ते लगेच सांगा, बसपर्यंत उद्यापासून कोण येणार. शक्य असेल तर तुम्हीच जा. वाटेत ती म्हणेल, आजोबा असं नाही धरायचे हात. तेव्हा त्यांनी कसा धरायचा ते तिला दाखवू द्या.